ब्लॉक झाला, की ब्लॉक केला?

२०२५ च्या ३१ डिसेंबरला, ऐन गर्दीच्या रात्री, जेवण आणि किराणा घरपोच आणून देणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी देशभर संपाची हाक दिली. पुढचे काही दिवस वाहिन्यांवर, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि घराघरांत एकच वाद चालला: दूध-अंडी दहा मिनिटांत दारात यायला हवीत का? एका बाजूचं म्हणणं, दूध कोणाच्या जिवाहून मोलाचं नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, गोदाम जवळच असतं, सामान भरायला दोन-तीन मिनिटं लागतात, गाडी सावकाश चालवली तरी माणूस वेळेत पोचतो, कोणी कोणाला पळवत नाही. जानेवारीत केंद्र सरकारने कंपन्यांशी चर्चा केली, ‘दहा मिनिटांत’ हे शब्द जाहिरातींतून मागे घेतले जाऊ लागले आणि वाद शमला. मूळ प्रश्नाला मात्र या वादात कोणी हातच लावला नाही. त्या माणसाला आज किती ऑर्डरी मिळतील, एका ऑर्डरीचे किती पैसे पडतील, उद्या काम मिळेल की नाही, हे ज्या नियमांनी ठरतं ते नियम होते तसेच राहिले. ते काय आहेत हे त्याला संपाआधी माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही.

माझ्या सोसायटीत जवळजवळ रोज येणारा एक मुलगा आहे. मराठवाड्यातून पुण्यात आला, दोन वर्षं एका कारखान्यात कंत्राटी होता, मग हप्त्यावर गाडी घेऊन या कामाला लागला. मागच्या पावसाळ्यात तो आठ-दहा दिवस दिसला नाही. नंतर गेटपाशी भेटला तेव्हा विचारलं, आजारी होतास का? म्हणाला, “नाही काका, आयडी ब्लॉक झाला होता.” का झाला, ते माहीत नाही. ॲपमध्ये तक्रार टाकली, तर उत्तर आलं की खात्यात नियमबाह्य हालचाल आढळली आहे. कुठली हालचाल, कुठल्या दिवशी, ते लिहिलेलं नव्हतं. टीएलला, म्हणजे टीम लीडरला, फोन केला. तो म्हणाला, सिस्टीमने केलंय, माझ्या हातात काही नाही. त्या मुलाचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ‘आयडी ब्लॉक झाला’, जसा पाऊस झाला, उशीर झाला, अपघात झाला. मराठीत ‘झाला’ म्हटलं की करणाऱ्याचं नाव विचारायची गरज उरत नाही. ‘केला’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणी केला? आणि का केला? हजारो माणसांना कामावरून काढण्याची सत्ता आज ‘झाला’ या क्रियापदाच्या आडोशाला उभी आहे, आणि दहा मिनिटांच्या वादात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी तो आडोसा तसाच राहू दिला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कामाचं वाटप, मोजमाप आणि मोबदला यंत्राने ठरवायला माझी हरकत नाही. ज्याच्यावर नियम लागू होतो त्याला तो सांगितलेला नसणं, तो एका रात्रीत बदलता येणं, आणि त्याखाली शिक्षा झाली तर ऐकून घेणारा माणूस कुठेच नसणं, याला माझी हरकत आहे. अल्गोरिदम या शब्दाभोवती इतकं गूढ साठवलं गेलंय की त्याच्या पोटात काय असतं हे विचारायचं आपण सोडून दिलंय. ऑर्डर नाकारली तर इतका फटका, ग्राहकाने कमी तारे दिले तर इतका, दिवसभरात अमुक ऑर्डरी पूर्ण झाल्या तरच इन्सेंटिव्ह, अमुक तास लॉगिन नसेल तर पुढच्या आठवड्याचे चांगले स्लॉट नाहीत: यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी पगारी माणसाने बैठकीत बसून ठरवलेली असते. म्हणजे ही कारखान्याची नियमावलीच झाली. आणि कारखान्याच्या नियमावलीबद्दल या देशाने, त्यातही मुंबईने, फार मोठी किंमत मोजून काही गोष्टी शिकून कायद्यात उतरवल्या होत्या.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की यंत्राआधी त्या जागी जो माणूस होता तो काय फार न्यायी होता? हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही, कारण तो खरा आहे. मुंबईच्या गिरण्यांत माणूस कामाला लावायचा तो जॉबर. सकाळी दरवाजावर बदली कामगार ताटकळत उभे असायचे आणि जॉबर त्यांतून निवडायचा: आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, किंवा ज्याने दस्तुरी दिली तो. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीची सविस्तर नोंद केली आहे. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकीण म्हटल्या जाणाऱ्या बाई-जॉबरकडे असायची. विणाई खात्यात तर दलित कामगारांना प्रवेशच नव्हता. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि दलिताच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकरांना चालत नसे; म्हणून जास्त मजुरीचं खातं एका समाजाला बंद. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. आज ॲपवर नाव नोंदवताना कोणी जात विचारत नाही, कोणाची चिठ्ठी मागत नाही, पहिल्या कमाईतला वाटा मागत नाही. गावातून शहरात आलेल्या मुलाला ही सुटका वाटते आणि ती खरोखरच सुटका आहे. बांधकामावर, हॉटेलात, गोदामात काम केलेल्या कोणालाही विचारा; आईवरून शिवी घालणाऱ्या मुकादमापेक्षा मुका फोन बरा, असंच तो म्हणेल.

पण जॉबरची सत्ता कमी झाली ती कशामुळे? मालकांनी सज्जन जॉबर शोधून आणले म्हणून का? १९२८ मध्ये मुंबईतले सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने बाहेर राहिले. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे, मजुरीत कपात सोसायची, यावरून तो संप झाला. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती बसली, तिच्यापुढे मजुरीच्या दरांबरोबर गिरणीच्या नियमांवरही चर्चा झाली. पुढे १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा आला. त्यातलं दंडाचं कलम आज पुन्हा वाचण्यासारखं आहे. ज्या चुकांसाठी दंड होणार त्यांची यादी आधी सरकारकडून मान्य करून घ्यायची आणि ती कामाच्या ठिकाणी लावायची. यादीत नसलेल्या गोष्टीसाठी दंड नाही. कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय दंड नाही. एका पगारात रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त दंड नाही. आणि दंडाची रक्कम मालकाच्या खिशात जाणार नाही, ती नोंदवहीत लिहून कामगारांच्याच हितासाठी खर्च करायची. परकीय सरकारच्या राजवटीत, निरक्षर मानल्या गेलेल्या कामगारासाठी हे लिहिलं गेलं. नव्वद वर्षांनंतर फोन वाचता येणाऱ्या, नकाशा वाचता येणाऱ्या, चार भाषांत ग्राहकाशी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या खात्यातून पैसे का कापले हे सांगायला आपल्याला जड जातं.

दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मालकाने कामाच्या वेळा, हजेरी, रजा, पाळ्या, गैरवर्तन म्हणजे नेमकं काय आणि काढून टाकण्याची पद्धत कोणती, हे सगळं लिहून काढायचं. प्रमाणन अधिकाऱ्याकडे द्यायचं. त्याने कामगारांच्या संघटनेचं ऐकून घ्यायचं आणि मगच मंजूर करायचं. मंजूर झालेले आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ वेगळ्या फलकावर लावायचे. आणि दोन्ही बाजूंचं एकमत नसेल तर सहा महिने त्यांत बदल करायचा नाही. या शेवटच्या तरतुदीवर मी बराच वेळ विचार केला. सहा महिने! आज रेट कार्ड बदलल्याचं कळतं ते पैसे कमी आले की. आधी सूचना नाही, सही नाही, फलक नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेश ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते उरले, पण तत्त्व म्हणून ते अजून जिवंत आहेत. फक्त ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यापर्यंत ते पोचत नाहीत, कारण कागदोपत्री तो कामगारच नाही.

तो भागीदार आहे. कंपन्या म्हणतात, या लोकांचा आणि आमचा मालक-नोकर संबंध नाही; सकाळी ते आमचं काम करतात, दुपारी दुसऱ्याचं, वाटलं तर दोन दिवस कोणाचंच करत नाहीत. यात तथ्य आहे. अनेक मुलं दोन-दोन ॲप चालू ठेवतात. पण ही परिस्थिती महाराष्ट्राला नवी आहे का? मशीद बंदरच्या बाजारात डोक्यावर पोती वाहणारा माथाडी कोणाचा नोकर होता? सकाळी एका व्यापाऱ्याच्या वखारीत, दुपारी दुसऱ्याच्या, संध्याकाळी ट्रकवर. व्यापारी म्हणे, हा माझा माणूस नाही, मी टोळीवाल्याला पैसे देतो. आणि टोळीवाला आपला वाटा काढून उरलेलं हातावर ठेवी. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ लढ्यानंतर १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याने ‘मालक कोण’ या वादात अडकून न पडता वेगळी वाट काढली: व्यापारी, कामगार आणि सरकार यांचं मंडळ, कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी, रजा. त्या मंडळांत पुढे भ्रष्टाचार शिरला, माथाडीच्या नावाखाली खंडणीचे प्रकार झाले, हेही मला नाकारायचं नाही. पण एकाच मालकाशी बांधलेलं नसलेल्या माणसाला नियम आणि हक्क देता येतात, हे याच राज्याने करून दाखवलं. मग ‘गिग’, म्हणजे सुटं सुटं काम, हा शब्द ऐकून आपण जणू पृथ्वीवर पहिल्यांदाच असं काम उगवलं असल्यासारखे गोंधळून का जातो?

स्वातंत्र्याचा मुद्दाही लावून धरला जातो: हवं तेव्हा लॉगिन, हवं तेव्हा लॉगआउट. कॉलेज सांभाळून काम करणाऱ्या मुलाला, लहान मूल घरी असलेल्या बाईला याचं मोल फार आहे आणि कुठल्याही सुधारणेने ते हिरावलं जाऊ नये. पण ज्याचं घर यावरच चालतं त्याचा दिवस वेगळा असतो. पैसा जेवणाच्या दोन वेळांत आणि पावसाच्या तासांत असतो. इन्सेंटिव्हचा स्लॅब सव्वीस ऑर्डरींवर असेल तर पंचविसाव्या ऑर्डरीला लॉगआउट करणं म्हणजे दिवसभराच्या मेहनतीवर पाणी सोडणं. बाहेर पडायचं स्वातंत्र्य त्याला आहे. बाहेर पडल्याची किंमत किती, हे मात्र त्याला आधी सांगितलेलं नाही.

आता गुप्ततेच्या युक्तिवादाकडे येतो, कारण जाणकार माणसंही इथेच अडखळतात. नियम उघड केले तर लोक पळवाटा काढतील, आणि शिवाय हे आमचं व्यापारी गुपित आहे. पळवाटा काढणारे असतात, हे मान्य. खोटं लोकेशन दाखवणारी ॲप वापरली जातात, ऑर्डर पोचल्याची खोटी नोंद होते. पण फसवणूक पकडण्याची युक्ती गुप्त ठेवणं आणि मजुरीचा हिशेब गुप्त ठेवणं, या दोन गोष्टी एका पोत्यात बांधायचं कारण काय? लँकेशायरच्या कापडगिरण्यांतही नगावर मजुरी मिळे आणि तिचा हिशेब गुंतागुंतीचा होता: सुताचा नंबर, कापडाची रुंदी, इंचातले धागे. विणकराला शेवटी हातात पडणारी रक्कम बरोबर आहे की नाही हे तपासता येत नसे. १८९१ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने मालकांवर बंधन घातलं की कामाचा आणि दराचा तपशील कामगाराला लेखी द्यायचा. १८९२ मध्ये विणाईच्या दरांची एकसमान यादी संघटना आणि मालक यांच्यात ठरली. तेव्हाही गुपित फुटेल अशी ओरड झालीच असणार. पण तपशील दिल्याने तिथल्या गिरण्या बुडाल्या नाहीत.

इतकं लांब तरी कशाला जायचं? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा मीटर काय आहे? चालकाची कमाई ठरवणारं यंत्रच ते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६. पुढच्या प्रत्येक टप्प्याचा दर ठरलेला, प्राधिकरणाने जाहीर केलेला. दर बदलला की मीटर नव्याने जुळवून तपासून घ्यायचा, आणि तो होईपर्यंत अधिकृत टॅरिफ कार्ड दाखवायचं. चालकाला नियम ठाऊक, प्रवाशाला ठाऊक, सरकारला ठाऊक. नियम सगळ्यांना माहीत असल्यामुळे टॅक्सीचा धंदा कोसळला का? मीटरमध्ये गडबड करणारे निघाले, नाही असं नाही. पण नियम उघड असल्यामुळेच ती गडबड आहे हे ओळखता आलं. त्याच रस्त्यावरून, त्याच अंतरासाठी, ॲपवरच्या टॅक्सीत प्रवाशाने भरलेल्या रकमेतला किती वाटा चालकाला मिळेल हे कुठल्या सूत्राने ठरतं, ते दोघांनाही सांगता येत नाही.

यापुढचा बचाव नव्या काळाचा आहे: प्रणाली स्वतः शिकते, त्यामुळे अमुक निर्णय का झाला हे आम्हालाही नेमकं सांगता येणार नाही. हा बचाव मला सर्वांत भयंकर वाटतो, कारण तो प्रामाणिक असू शकतो. कुठल्याही फोरमनने कामगार आयुक्तांपुढे उभं राहून “मी याला काढलं, पण का काढलं ते मला माहीत नाही” असं सांगितलं असतं तर ते ऐकून घेतलं असतं का? न्यायालयांपुढे आलेली प्रकरणं पाहिली की कळतं की दरवेळी कारण इतकं अगम्य नसतंही. इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने २०२० च्या अखेरीस जेवण घरपोच देणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या, कामगारांची क्रमवारी ठरवणाऱ्या प्रणालीविरुद्ध निकाल दिला. त्या प्रणालीत ऐनवेळी पाळी रद्द करणाऱ्याचे गुण घटत, मग तो आजारी असो, संपावर असो किंवा नुसता झोपलेला असो. न्यायालय म्हणालं की कारणाकडे डोळे मिटणं हाच भेदभाव आहे. म्हणजे ‘यंत्र सर्वांना सारखं वागवतं’ हे जे त्याचं मोठेपण म्हणून सांगतात, तोच तिथे दोष ठरला. तापाने फणफणलेला आणि कंटाळा केलेला, दोघांना सारखं वागवणं याला आपण कधीपासून न्याय म्हणू लागलो?

दुसरं प्रकरण आपल्याला जास्त लागायला हवं. एप्रिल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि ओला या दोन्ही कंपन्यांना चालकांविषयीची माहिती उघड करण्याचे आदेश दिले. उबरने काही चालकांना यंत्राच्या निर्णयावरून काढलं आणि त्यातला मानवी हस्तक्षेप जवळजवळ नावापुरता होता, असा न्यायालयाचा निष्कर्ष. ओलाला चालकांच्या कमाईतल्या कपातीबद्दल आणि फसवणुकीच्या संशयाच्या गुणांबद्दल उत्तर द्यावं लागलं. ओला ही बंगळुरूची कंपनी. तिच्या ब्रिटनमधल्या चालकाला युरोपातल्या न्यायालयात जाऊन जे विचारता आलं, ते तिच्याच पुण्यातल्या चालकाला कुठे जाऊन विचारता येतं? आणि यंत्र चुकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ब्रिटिश पोस्टाची गोष्ट आठवावी. होरायझन नावाच्या हिशेबाच्या प्रणालीने दाखवलेल्या खोट्या तुटीवर विश्वास ठेवून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपपोस्टमास्तर चोर ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणक बरोबर असल्याचं न्यायालयही गृहीत धरत होतं. तो चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार गावातलं छोटं टपाल कार्यालय चालवणाऱ्यावर होता. त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला.

रेटिंगबद्दल बोललं पाहिजे, कारण इथे आपणही आहोत. यंत्र जात पाहत नाही असं मी वर मान्य केलं. पण यंत्राला गुण पुरवतो कोण? दार उघडणारा ग्राहक. त्याच्या फोनवर नाव दिसतं, आडनाव दिसलं की धर्म-जातीचा अंदाज येतो, दारात चेहरा दिसतो. त्याच्या मनातला दुस्वास ताऱ्यांत उतरतो, ताऱ्यांची सरासरी होते, आणि सरासरीवरून काम मिळतं किंवा थांबतं. जॉबरला निदान डोळ्यांनी पाहता येत होतं. हा पूर्वग्रह दशांश चिन्हाच्या मागे बसला की निर्मळ दिसायला लागतो. घरी जाऊन सौंदर्यसेवा देणाऱ्या बायकांनी गेल्या काही वर्षांत जी आंदोलनं केली त्यांत रेटिंगवरून आणि नाकारलेल्या कामांवरून आयडी बंद होण्याची तक्रार पुढेच होती. परक्या घरात एकट्या जाणाऱ्या बाईला काम नाकारावंसं वाटलं तर त्यामागे काय असू शकतं, हे कुठल्या टक्केवारीत बसवणार? मी स्वतः एकदा पाकीट भिजलं म्हणून तीन तारे दिले होते. पाऊस त्या माणसाने पाडला नव्हता. त्या तीन ताऱ्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही, आणि ॲपनेही तो येऊ दिला नाही.

हा फक्त खासगी कंपन्यांचा दोष असता तर सरकारकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. पण सरकारही याच वाटेवर आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली: कोण कुठे, किती वेळ उभा राहिला, ते नियंत्रण कक्षात दिसावं म्हणून. रोजगार हमीच्या कामावर ॲपवरून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी आली. जिथे रेंज नाही तिथे केलेलं कामही नोंदीत नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. कामाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत असल्याबद्दलही त्यांचं गाऱ्हाणं होतं, ते मराठीत द्या अशी त्यांची मागणी होती. १९४६ च्या कायद्याने गिरणीमालकावर घातलेलं बंधन, की नियम कामगाराच्या भाषेत लावा, ते एका सेविकेला स्वतंत्र भारताच्या सरकारकडे रस्त्यावर उतरून मागावं लागलं. दोन विरुद्ध टोकांचे लोक, दुपारी सोसायटीत येणारा तो मुलगा आणि खेड्यातली सेविका, आज एकाच प्रश्नापाशी येऊन उभे आहेत.

मग करायचं काय? सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कंपन्यांच्या उलाढालीतला एक ते दोन टक्के हिस्सा गिग कामगारांच्या निधीसाठी घेण्याची तरतूद आहे. विमा हवा, निधी हवा. नीती आयोगाच्या अंदाजाने २०२९-३० पर्यंत असे २ कोटी ३५ लाख कामगार असतील, त्यामुळे ही तरतूद छोटी नाही. पण अपघात झाल्यावर पैसे देणं वेगळं आणि आयडी बंद करताना कारण देणं वेगळं; संहितेत दुसऱ्या गोष्टीबद्दल काही नाही. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात ते पाऊल उचललं आहे: कराराच्या अटी बदलायच्या तर किमान १४ दिवसांची सूचना, कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि तितकीच मुदत, आणि काम वाटणाऱ्या-मोजणाऱ्या स्वयंचलित प्रणालीबद्दल कामगाराला माहिती. महाराष्ट्राने यापुढे जायला हवं, कारण आपल्याकडे माथाडी मंडळाचा अनुभव आहे. रेट कार्ड आणि शिक्षेचे नियम मंडळाकडे नोंदवले जावेत, मराठीत, आणि मोबदल्याच्या प्रत्येक हिशेबाचे घटक फोनवर दिसावेत. नोंदवलेला नियम ठरलेल्या मुदतीआधी बदलू नये. यादीत नसलेल्या कारणासाठी आयडी बंद होऊ नये. आणि बंद झालाच तर ज्याच्या नावाने आदेश आहे अशा माणसापुढे बाजू मांडता यावी. यातलं काहीही नव्याने शोधून काढलेलं नाही. सेवा महाग होईल, असं म्हणतील. थोडी होईलही. पण कारण लिहून द्यायला जो खर्च येतो तो वाचवूनच जर एखादा धंदा टिकत असेल, तर आजवर तो खर्च कोण भरत होतं, हे विचारायला हवं.

त्या मुलाचा आयडी दहाव्या दिवशी सुरू झाला. तेव्हाही कारण आलं नाही, ना माफी, ना त्या दहा दिवसांचे पैसे. मध्ये गाडीचा हप्ता चुकला, तो त्याने गावाकडून मागवून भरला. मी म्हटलं, चला, सुटलास. तो हेल्मेट हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. “सुटलो काका, पण काय चुकलं होतं ते सांगितलं असतं तर तेवढं एक टाळलं असतं. आता सगळंच टाळतो.” म्हणजे काय, विचारलं. म्हणजे तो आता एकही ऑर्डर नाकारत नाही, रात्री साडेअकराला कात्रजच्या पलीकडची आली तरी. पावसात आडोशाला थांबत नाही. ग्राहक काही बोलला तर उलटून बोलत नाही. दुपारचं जेवण उभ्याने, लॉगिन चालू ठेवून. यातलं नेमकं कशामुळे तेव्हा तसं झालं असेल, हे त्याला अजून माहीत नाही.